शाळेत वीरचक्रप्राप्त वायुसेना अधिकाऱ्याचा स्मृतिफलक : दगड कुठला, मजकूर किती, भाषा कशी?

हायस्कूल_कमिटी

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्यातल्या आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलचे एक माजी विद्यार्थी वायुसेनेत पायलट होते. १९७१ च्या युद्धातल्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं, पुढे ग्रुप कॅप्टन पदावरून ते निवृत्त झाले. आता ते हयात नाहीत. घरच्यांची लेखी संमती आहे, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवली आहे. गेटमधून आत आल्यावर डाव्या हाताला जांभ्याची जुनी भिंत आहे, तिच्यावर फलक बसवायचं ठरतंय. भिंत पश्चिमेला तोंड करून आहे, वर छज्जा नाही.

कमिटीत एकमत होईना. कुणाला पितळ हवं, कुणाला संगमरवर, कुणाला काळा ग्रॅनाइट आणि त्यावर लेसरने फोटो. मजकुराचा खर्डा दीड पान झालाय, खाली सगळ्या विश्वस्तांची नावं आहेत. ८ ऑक्टोबरला, वायुसेना दिनी, अनावरण करावं असा विचार आहे. सध्या पाऊस चालूच आहे. कुठे काय बिघडतं ते जाणकारांनी सांगावं.

पाथरवट_खानापूर

दगडाचं नंतर बघू, आधी भिंत. पश्चिमेची, उघडी आणि जांभ्याची म्हणजे तिन्ही गोष्टी फलकाच्या विरुद्ध. आपल्याकडचा पाऊस त्याच अंगाने झोडपतो. जांभा पाणी पितो, जून ते सप्टेंबर भिंत ओली राहते आणि ऑक्टोबरच्या उन्हात तेच पाणी बाहेर यायला लागतं. फलक भिंतीला घट्ट चिकटवलेला असला तर पाण्याला वाट मिळत नाही. कडेने पांढरा लोणा येतो, वरच्या कडेला शेवाळ धरतं, आणि सिमेंटवर चिकटवलेला दगड एका कोपऱ्यात पोकळ वाजायला लागतो. बोटाच्या पेराने ठोकून बघा, भद्द आवाज आला की सुटलाच म्हणायचा.

शिवाय जांभ्यात साधा प्लास्टिकचा प्लग धरत नाही. ड्रिल फिरवताना मध्येच पोकळी लागते, भोक वेडंवाकडं मोठं होतं आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. तीन फूट बाय दोन फूट, २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट साधारण ३० किलो भरतो. एवढं वजन मुलांच्या डोक्याजवळ अशा भिंतीला टांगू नका. वेगळा चौथरा बांधा.

निवृत्त_सार्जंट

चौथऱ्याला माझाही दुजोरा. पण पाथरवटदादा, दगडावर काय लिहिणार ते त्याहून आधी ठरायला हवं. दगड बदलता येतो. चुकीचं पद किंवा चुकीचं पदक एकदा कोरलं गेलं की पन्नास वर्षं मुलं तेच वाचतात.

कमिटीने पहिलं काम करावं ते म्हणजे भारताच्या राजपत्रातली नोंद मिळवणं. संरक्षण मंत्रालयाच्या वीरता पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. घरी पदकाबरोबरची कागदपत्रं असतील, त्यांच्याशी ताडून बघा. बेळगावच्या सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. राजपत्रात नाव, सेवा क्रमांक, त्या वेळचं पद आणि शाखा असते. पायलटच्या नोंदीत शेवटी एफ(पी), म्हणजे फ्लाइंग (पायलट) शाखा, असं येतं. तो नावाचा भाग नव्हे, फलकावर नको.

नावाची अडचण आपल्या भागात हमखास येते. शाळेच्या प्रवेश रजिस्टरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण असतं आणि सेवेच्या कागदांत कर्नाटकी पद्धतीने पुढे दोन आद्याक्षरं आणि मग नाव. घरचे ज्या नावाने ओळखतात ते फलकावर घ्या, पण राजपत्राची प्रत फाइलला लावून ठेवा, म्हणजे दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे कायम सिद्ध राहील.

आता पद. १९७१ मध्ये ते ग्रुप कॅप्टन नव्हते, बहुधा फ्लाइट लेफ्टनंट किंवा स्क्वाड्रन लीडर असतील. ठळक नावापुढे शेवटचं पद लिहावं आणि शौर्याच्या ओळीत त्या वेळचं. आणि ‘ग्रुप’ गाळून नुसतं ‘कॅप्टन’ कधीही करू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव आपलं, लोकांच्या कानात कॅप्टन म्हटलं की लष्करातला कॅप्टन बसलाय. तो वायुसेनेच्या फ्लाइट लेफ्टनंटच्या बरोबरीचा. ग्रुप कॅप्टन म्हणजे लष्करातला कर्नल. एक शब्द गाळला की माणूस तीन पायऱ्या खाली येतो.

वडगावकर

विश्वस्तांची नावं काढा. बाकी सगळं नंतर.

चिकोडी_बाई

वडगावकरांशी शंभर टक्के सहमत. देणगीदार आणि पाहुण्यांची नावं लिहायचीच असतील तर चौथऱ्याच्या मागच्या अंगाला लहान पाटी लावा. पुढचा दगड त्या अधिकाऱ्याचाच राहू दे. उद्घाटकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि ज्याच्यासाठी फलक त्याचं नाव खाली बारीक, अशा पाट्या आपल्या जिल्ह्यात पुरेशा झाल्यात.

दीड पानाबद्दल. तीन फुटी दगडावर दोन भाषा शेजारीशेजारी बसवल्या तर एका भाषेला सुमारे १६ इंच रुंदी मिळते. अंगणातून सात-आठ फुटांवरून वाचता यावं म्हणून अक्षर निदान २० मिलिमीटर हवं. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर ३८ मिलिमीटर धरा. दोन फूट उंचीतून कडा सोडल्या तर तेरा ओळी बसतात. नाव मोठं घेतलं की उरतात दहा, आणि ओळीत तीन शब्द. म्हणजे एका भाषेत ३०-३५ शब्द. तेवढेच. दीड पान कोरायचं तर अक्षर वर्तमानपत्राएवढं होईल आणि त्यापुढे एकही मूल थांबणार नाही.

राजपत्रातलं मानपत्र वाया जाऊ देऊ नका. ते छापून, मराठी-कन्नड भाषांतरासह काचेच्या चौकटीत वाचनालयात लावा. आठवीच्या मुलाला तिथे उभं राहून वाचायला वेळ असतो, गेटजवळ नसतो.

उद्यमबाग

पितळाबद्दल सांगतो. एच्चिंग केलेली (रसायनाने अक्षरं कोरलेली) पितळी पाटी १८ बाय १२ इंच, ३ मिलिमीटर जाड, साडेतीन किलोच्या आसपास. चौथऱ्याला वजनाचा काही त्रासच नाही. फेरिक क्लोराइडने अक्षरं खोल करून काळा किंवा निळा इनॅमल भरायचा. बारीक अक्षर जितकं सुबक पितळात येतं तितकं दगडात येत नाही. मागे एम-६ चे पितळी स्टड (बिनडोक्याचे स्क्रू) ब्रेझिंगने जोडून घ्यायचे, चौथऱ्यात भोकं पाडून इपॉक्सीत बसवायचे. पुढे एकही स्क्रू दिसत नाही आणि कुणाला उचकटता येत नाही.

पाथरवट_खानापूर

आणि उघड्यावर दोन पावसाळे गेले की पितळावरचं लॅकर (चकाकीसाठी दिलेला पारदर्शक लेप) फुगतं, त्याखाली हिरवट-काळे डाग पडतात. मग शाळेचा शिपाई पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी चिंच नाहीतर ब्रासो घेऊन घासतो. दहा वर्षं घासली की इनॅमल जातं आणि अक्षरांच्या कडा गोल होतात. पितळ आत, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावा. बाहेर नको.

उद्यमबाग

उघड्यावरचा मुद्दा मान्य. पण ओतीव कांशाची उठावाची अक्षरं असतील तर लॅकर लागतच नाही. ती नैसर्गिक काळी पडतात आणि छान दिसतात. फक्त इथल्या फाउंड्र्या मुख्यतः लोखंडाचं ओतीव काम करतात. कांशासाठी कोल्हापूरकडचे ओतारी बघावे लागतील आणि साच्याला वेळ धरावा लागेल.

निपाणीकर

वर्गणी किती जमली हे विचारत नाही, पण ओतीव काम आणि ग्रॅनाइट यांच्या खर्चात खूप फरक आहे. हायस्कूलच्या बजेटला ग्रॅनाइटच परवडेल. संगमरवर तेवढा नको. पांढरा दगड पाणी शोषतो, पिवळा पडतो आणि अक्षरांतला काळा रंग पापुद्र्यांनी सुटतो. अर्धी अक्षरं गेलेली संगमरवरी पाटी प्रत्येक गावात एखादी आहेच.

पाथरवट_खानापूर

निपाणीकर बरोबर बोलले. ग्रॅनाइट घ्या, पण बघून घ्या. दुकानात काळा दगड म्हणून तीन वेगळ्या वस्तू समोर ठेवतात. एक खरा जेट ब्लॅक, चामराजनगरकडचा. दुसरा करडा ग्रॅनाइट, तेल किंवा काळा रंग चोळून गडद केलेला. तिसरा कडप्पा, जो ग्रॅनाइट नव्हेच, चुनखडीचा दगड आहे. ओळखायचं असं : कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन पाठीमागच्या कोपऱ्यावर जोराने घासा, कापूस काळा झाला तर रंग मारलेला आहे. मग त्याच दगडाच्या तुकड्यावर लिंबू पिळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पॉलिश उतरून मंद ठिपका दिसला तर कडप्पा. ग्रॅनाइटवर लिंबाचा काही परिणाम होत नाही.

इलकलचा लालसर दगडही टिकाऊ आहे, आपल्याला जवळचाही. पण त्यात गुलाबी-काळे दाणे असतात, त्यावर सोनेरी अक्षर हरवतं. चौथऱ्याच्या बाजूंना इलकल लावा आणि मजकुराला काळा, हे उत्तम दिसतं.

कोरीव काम सँडब्लास्टने (वाळूच्या माऱ्याने) किंवा टाकीने करा, खोली निदान २ मिलिमीटर. लेसरने फक्त वरचं पॉलिश पांढरं होतं. फोटोला ते ठीक, मजकुराला नाही, कारण रंग भरायला खोबणच नसते. खोल अक्षरातला रंग उडाला तरी अक्षर राहतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरता येतं.

अक्षरजुळारी

सँडब्लास्टचा विषय निघालाच आहे तर देवनागरीचं दुखणं सांगतो. रबराच्या स्टेन्सिलमधून अक्षर कापतात तेव्हा अक्षराच्या पोटातले तुकडे सुटी बेटं होऊन राहतात. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ बारीक असते. ती कापणीत नीट उतरली नाही किंवा पोटातले रबराचे चिमुकले तुकडे वाळूच्या माऱ्यात उडाले, की ‘ब’चा ‘व’ होतो. बेळगावचं वेळगाव असंच होतं, शुद्धलेखनाचा त्यात दोष नसतो. ‘ष’ आणि ‘क्ष’चंही तेच. अनुस्वाराचं उलटं : ते भोक इतकं लहान असतं की रबर नीट निघत नाही, टिंब कोरलंच जात नाही आणि ‘विंग’चं ‘विग’ होतं. म्हणून जाड अक्षरवळण घ्या, सगळ्यात बारीक रेघ दीड मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि टिंब अक्षराच्या मानाने मुद्दाम मोठं करून घ्या.

दुसरी गोष्ट संगणकाची. मजकूर तुम्ही युनिकोडमध्ये मोबाइलवर पाठवता, दगडवाल्याकडे जुन्या पद्धतीचे फाँट असतात. पेस्ट केलं की ‘शौर्य’चा रफार पुढच्या अक्षरावर जातो, ‘चक्र’चा ‘क्र’ फुटतो. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ जाऊन हिंदी वळणाचे येतात, तेही लक्षात ठेवा. यावर उपाय एकच : जुळणी इथेच चांगल्या माणसाकडून करून घ्या आणि कोरेल या सॉफ्टवेअरमध्ये सगळी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलूनच फाइल द्या. मग समोरच्याकडे फाँट असो नसो, आकार बदलत नाही. कन्नड मजकुराला हे दुप्पट लागू. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये जुळलेलं दुसऱ्या फाँटात उघडलं की ओत्तक्षरं (जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं) जागा सोडतात.

दर अक्षरावर लावतात. जोडाक्षर एक धरणार की दोन, वेलांटी वेगळी मोजणार का, हे आधी कागदावर लिहून घ्या.

हायस्कूल_कमिटी

केवढी माहिती दिलीत, मनापासून आभार. अजून तीन प्रश्न. एक, वर सिंहमुद्रा आणि वायुसेनेचं चिन्ह घ्यावं का? दोन, पदकाचं चित्र? तीन, भाषेचा क्रम, कारण यावरच कमिटीची बैठक तापते.

निवृत्त_सार्जंट

सिंहमुद्रा नाही. राज्यचिन्हाच्या वापरावर २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम आहेत, शाळेच्या फलकावर ते आपल्या मनाने घेता येत नाही. वायुसेनेचं बोधचिन्हही लेखी परवानगीशिवाय नको.

पदकाच्या चित्रात हीच अडचण दडलेली आहे, ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. वीरचक्र म्हणजे चांदीचा पंचकोनी तारा, मध्ये चक्र आणि त्याच्या मधोमध सोनेरी राज्यचिन्ह. पदक हुबेहूब कोरलं की राज्यचिन्हही कोरलं गेलं. त्याऐवजी फितीचे रंग घ्या. वीरचक्राची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. नावाखाली ३२ मिलिमीटर रुंद पट्टा या दोन रंगांत इनॅमलने भरा, सुंदर दिसतं. रंग तपासून घ्या हं : अर्धा पांढरा आणि अर्धा केशरी झाला तर ते महावीरचक्र, हिरव्यावर केशरी रेघा आल्या तर शांतताकाळातलं कीर्ती किंवा शौर्यचक्र.

वायुसेनेचं ब्रीद घ्यायचं असेल तर ‘नभः स्पृशं दीप्तम्’, विसर्गासकट आणि शेवटी पाय मोडलेल्या ‘म्’सकट. गीतेच्या अकराव्या अध्यायातलं आहे, संस्कृतच्या शिक्षकांकडून एकदा बघून घ्या.

त्यांना आणखी पदकं असतील तर क्रम राजपत्राच्या अग्रक्रमाने. इथे लोक गोंधळतात. अतिविशिष्ट सेवा पदक वीरचक्राच्या आधी येतं आणि वायुसेना पदक नंतर.

सांबरा_रोड

थोडं विषयांतर. फलकावर बेळगावजवळच्या आपल्या सांबऱ्याच्या विमानतळाचा उल्लेख येऊ शकेल का? १९६१ मध्ये गोव्यावर बॉम्ब टाकणारी विमानं इथूनच उडाली होती, आजच्या किती मुलांना ठाऊक आहे?

निवृत्त_सार्जंट

अर्धं बरोबर. १८ डिसेंबर १९६१ ला सांबऱ्याहून हंटर विमानं गेली आणि त्यांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी कॅनबेरा विमानं पुण्याहून आली होती. पण या अधिकाऱ्यांचा त्या मोहिमेशी संबंध कागदावर दिसत नसेल तर फलकावर तो आणू नका. वाचनालयातल्या चौकटीशेजारी सांबऱ्यावर वेगळं पान करा, तिथे हे सगळं शोभेल.

सांबरा_रोड

पटलं. एअरमेन ट्रेनिंग स्कूलही तिथेच, त्याचाही त्या पानावर उल्लेख करता येईल.

वडगावकर

खर्ड्यात ‘सीमाभागातील पहिले व एकमेव’ असं काही आहे का? असेल तर तेही काढा.

निवृत्त_सार्जंट

वडगावकरकाका, हे फार महत्त्वाचं बोललात. पुरस्कारांच्या नोंदी पुढे बदलू शकतात. कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्याच्या हल्ल्यात मिस्टेअर विमानातून गेले आणि परतले नाहीत. त्यांनी पाकिस्तानचं स्टारफायटर विमान पाडलं होतं हे बऱ्याच वर्षांनी स्पष्ट झालं आणि महावीरचक्र मिळालं ते १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी. १९७० साली कुणी ‘कर्नाटकातील अमुक इतके महावीरचक्रप्राप्त’ असं दगडात कोरलं असतं तर ते आज चूक ठरलं असतं. ‘एकमेव’ हा दावा हवाच तर तो निर्मलजित सिंग सेखों यांच्याबद्दल करता येतो : १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर, नॅट विमान, वायुसेनेचं आजवरचं एकमेव परमवीरचक्र. बाकी कुणाबद्दल दगडावर नको.

पदाबद्दल आधी लिहिलं त्याचंही एक उदाहरण देतो. हृषीकेश मुळगावकर यांना महावीरचक्र मिळालं ते १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेतलं, आणि पुढे १९७६ मध्ये ते वायुसेनाप्रमुख झाले. त्यांच्या फलकावर ‘एअर चीफ मार्शल असताना महावीरचक्र’ असं वाचावं लागलं तर कसं वाटेल? तुमच्या अधिकाऱ्यांच्या बाबतीतही ही दोन पदं दोन वेगळ्या ओळींत ठेवा.

कन्नड_मास्तर

भाषेचं मी सांगतो. मराठी माध्यमाच्या शाळांत कन्नड शिकवताना दोन्ही बाजू रोज दिसतात. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं हा कर्नाटकातला नियम नामफलकांसाठी आहे. स्मृतिफलक ही वेगळी वस्तू, पण तो मुद्दा धरून वाद घालायची ही जागा नव्हे. तो अधिकारी मराठी शाळेत शिकला, कर्नाटकातल्या गावातून गेला आणि देशासाठी लढला. गावातल्या प्रत्येकाला फलक आपल्या भाषेत वाचता आला पाहिजे.

मांडणी दोन स्तंभांची करा, कन्नड डावीकडे आणि मराठी उजवीकडे, अक्षराची उंची सारखी. वर-खाली मांडलं की खालचं कमी मानाचं वाटतं. नाव मात्र एकदाच मधोमध न घेता दोन्ही स्तंभांत स्वतंत्र घ्या. आकडे दोन्हीकडे एकाच पद्धतीचे असू द्यात, म्हणजे साल वाचताना कुणी अडखळत नाही.

कन्नड मजकूर मोबाइलवरच्या भाषांतरातून घेऊ नका. शेजारच्या कन्नड शाळेतल्या दोन शिक्षकांना स्वतंत्रपणे दाखवा आणि त्यांची सही घ्या. लिहिणारा मराठी असला की ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ चुकतात, कारण मराठीत तो भेदच नाही. आडनावात हे फार घडतं, आणि आडनाव चुकलेलं घरच्यांना सहन होत नाही.

निपाणीकर

मास्तर, दोन्ही शाळांच्या मुलांना अनावरणाला बोलवा हेही लिहा की.

कन्नड_मास्तर

बोलवायलाच हवं. तारीख मात्र १ नोव्हेंबरच्या आसपास नको. त्या आठवड्यात कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस दोन्ही असतात, लोकांचं लक्ष अधिकाऱ्यावर राहणार नाही.

इंजिनिअर_अनगोळ

चौथऱ्याचं माप देतो. मजकुराचा दगड तीन फूट रुंद, दोन फूट उंच. चौथरा साडेतीन फूट रुंद, नऊ इंच जाड, जमिनीवर साडेपाच फूट उंच. दगडाची खालची कड जमिनीपासून सव्वातीन फुटांवर ठेवली की मधला भाग सव्वाचार फुटांवर येतो, हायस्कूलच्या मुलांच्या नजरेला बरोबर. पाया चार फूट बाय दोन फूट, खोली दोन फूट, तुमच्याकडे मुरूम लागला की थांबा. अथणी-चिकोडीकडे काळी माती असेल तर ती काढून मुरमापर्यंत जावंच लागेल, नाहीतर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि चौथरा कलतो. जमिनीलगत वीटकामात ओल चढू नये म्हणून जोत्यावर काँक्रीटचा पट्टा घ्या.

वर एक दगडी पाट बसवा, चारही बाजूंनी दोन इंच बाहेर, आणि त्याच्या खालच्या अंगाला कडेजवळ बोटभर खाच मारा. पाणी खाचेपाशी थांबून टपकतं, दगडाच्या तोंडावरून ओघळत नाही. ही खाच नसली की वर्षभरात मजकुरावर काळे ओघळ दिसतात.

दगड सिमेंटने चिकटवू नका. स्टेनलेस स्टीलचे चार बोल्ट, ३०४ दर्जाचे, कडेपासून दीड-दोन इंच आत. मागे १० मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे हवा खेळते आणि पाणी खाली उतरतं. लोखंडी बोल्टवर पितळी टोपी बसवून देतात, त्याला बळी पडू नका. गंजाचा तांबडा ओघळ ग्रॅनाइटमधून निघत नाही. बोल्ट आवळताना नायलॉनचा वॉशर हवा आणि हाताच्या जोरापलीकडे आवळू नये, कोपरा टवका होऊन उडतो. वरच्या कडेला न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरचा वास येणारं स्वस्त सिलिकॉन दगडावर डाग पाडतं आणि पितळ खातं. खालची कड मोकळी सोडा.

आणि तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करा. चौथरा सुटा आहे, त्याला जुन्या भिंतीचं बंधन नाही.

आता तारीख. सिमेंटचं काम दगड बसवायच्या आधी निदान २८ दिवस झालेलं हवं, त्यातले पहिले सात दिवस पाणी मारायचं. ओल्या चौथऱ्यावर घाईने दगड बसवला की क्षार बोल्टच्या भोकांतून बाहेर येतात. पावसात पाया खणता येणार नाही. ८ ऑक्टोबर जमणार नाही.

हायस्कूल_कमिटी

मग पुढच्या वर्षी?

चिकोडी_बाई

पुढच्या वर्षी कशाला? १६ डिसेंबर घ्या. वीरचक्र १९७१ चं आहे, विजय दिवस त्याच युद्धाचा. पाऊस गेलेला असतो, सहामाही परीक्षा झालेली असते, मैदान कोरडं असतं.

इंजिनिअर_अनगोळ

बाईंनी सुचवलेली तारीख बांधकामाला एकदम बसते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाया, दिवाळीच्या आसपास चौथरा पुरा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दगड. परतीचा पाऊस आला तरी आठ दिवस हातात राहतात.

निवृत्त_सार्जंट

१६ डिसेंबर उत्तम. सांबऱ्याहून वायुसेनेचा प्रतिनिधी यावा असं वाटत असेल तर शाळेच्या लेटरहेडवर तिथल्या एअर ऑफिसर कमांडिंगना आत्ताच पत्र द्या. राजपत्राची प्रत आणि मजकुराचा मसुदा जोडा. सैनिक कल्याण कार्यालयाला आणि माजी सैनिक संघटनेलाही कळवा.

अनावरणाचा पडदा साधा, निळा किंवा केशरी. तिरंगा पडदा म्हणून वापरायचा नाही. ध्वजसंहितेत स्पष्ट आहे की पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरू नये. तिरंगा शेजारी, मानाच्या जागी फडकवा.

वडगावकर

परवानगीचं कुणी बोललं नाही. शाळा संस्थेची असेल तर व्यवस्थापन समितीचा ठराव पुरे, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला एक प्रत. सरकारी असती तर एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) ठराव आणि बीईओंची लेखी मान्यता दोन्ही लागली असती. ठरावाला मजकूर शब्दशः जोडा, म्हणजे नंतर कुणी आयत्या वेळी एक नाव घुसवू शकत नाही.

उद्यमबाग

फोटोचं राहिलं. काळ्या ग्रॅनाइटवर लेसरने चेहरा चांगला येतो, पण मूळ फोटो धूसर असेल तर नाक-डोळे एक होतात. मोबाइलवर काढलेला फोटोचा फोटो देऊ नका. घरच्यांकडून मूळ छापील प्रत घेऊन ६०० डीपीआयवर स्कॅन करा. फ्लेक्स किंवा एसीपी (अ‍ॅल्युमिनियमच्या) शीटवर छापून चिकटवण्याचा स्वस्त पर्याय कुणी देईल, तो दोन-तीन उन्हाळ्यांत निळा पडतो. क्यूआर कोडही नको, ज्या पानाला जोडतात ते पान चार वर्षांत बंद होतं आणि दगडावर नुसता ठिपक्यांचा चौकोन उरतो.

पाथरवट_खानापूर

माझं मत, फोटो दगडावर नकोच. तीन फुटांत दोन भाषा आणि चेहरा, सगळ्याची दाटी होते. फोटो वाचनालयात.

उद्यमबाग

यावर आपलं जमणार नाही दादा. मुलं चेहरा बघून थांबतात, मग वाचतात.

हायस्कूल_कमिटी

फोटोचं घरच्यांवर सोडतो. बाकी कमिटीपुढे उद्या ठेवायचा मजकूर असा केला आहे, कन्नड याच धर्तीवर करून घेतो :

ग्रुप कॅप्टन (पूर्ण नाव)
वीरचक्र
भारतीय वायुसेना
(जन्मवर्ष – निधनवर्ष)
या शाळेचे विद्यार्थी, (पासून – पर्यंत)
१९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट असताना
दाखवलेल्या शौर्याबद्दल
वीरचक्राने सन्मानित

पद राजपत्रावरून पक्कं करतो. नावं मागच्या पाटीवर. तारीख १६ डिसेंबर.

चिकोडी_बाई

छान. ‘वीरचक्र’ दोनदा आलंय, वरचं काढून त्या जागी फितीचा पट्टा घ्या. एक ओळ मोकळी मिळेल, अक्षर थोडं मोठं करता येईल.

अक्षरजुळारी

शेवटचं एक. कागदावरचं प्रूफ बघून सही देऊ नका. स्टेन्सिल दगडावर चिकटवल्यावर, ब्लास्टिंगच्या आधी, घरचं एक माणूस आणि दोन्ही भाषांचे शिक्षक प्रत्यक्ष जागेवर जाऊ देत. एकाने राजपत्र हातात धरून अक्षर-अक्षर म्हणायचं, दुसऱ्याने स्टेन्सिलवर बोट ठेवायचं. टिंबं आणि ‘ब’ची पोटं शेवटी वेगळी मोजा. रबर चिकटलेलं असेपर्यंत चूक दहा मिनिटांत दुरुस्त होते.

हायस्कूल_कमिटी

लिहून घेतलं. जुळणीची फाइल तयार झाली की इथेच टाकतो, सगळ्यांनी एकदा नजर घाला.